डॅशबोर्डावरचा नारळ

मी देवाशी भांडलेला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कुणी मला मोठा भाविक-बिविक समजायला नको. तीस वर्षं विजेच्या तारांत गेली, त्यातली अठरा इथे कतारमध्ये. माझ्या हाताखालच्या माणसांना विचारलंत तर ते म्हणतील, आमचा फोरमन देवाला भितो की नाही ठाऊक नाही, पण आम्ही त्याला भितो. तोंड माझं खराब आहे. देवगड तालुक्यातला, खाडीकाठचा माणूस मी. आमच्याकडे मायेनं बोलतानाही दोन शिव्या येतातच.

गाऱ्हाणं ही आमच्याकडची रीत. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी एक जण नारळ ठेवून देवापुढे उभा राहतो आणि मोठ्यानं, खणखणीत आवाजात त्याला सगळं सांगतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मनातल्या मनात पुटपुटणं आम्हाला जमत नाही. माझे वडील गावचं गाऱ्हाणं घालायचे, त्यांच्याकडून ते माझ्याकडे आलं आणि माझ्याबरोबर विमानात बसून इथपर्यंत आलं. खांबावर माणूस चढवण्याआधी मी आमच्या गाडीपुढे उभा राहून गाऱ्हाणं घालायचो. शाजी, माझा लाइनमन, केरळचा. अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे. पहिल्या दिवशी तो तोंड फिरवून हसला होता. पुढे त्याचाच 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठा झाला. गाडीवरचा इक्बाल पेशावरकडचा. तो टोपी सारखी करून गप्प उभा राहायचा आणि शेवटी 'आमीन' म्हणायचा. आमचं असं चाललं होतं.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ आजारी पडला. ताप डोक्यात गेला. रजा मंजूर होऊन तिकीट हातात येईपर्यंत दोन दिवस जाणार होते, म्हणून मी इथून फोनवर गाऱ्हाणं घातलं. तिकडे दवाखान्याच्या व्हरांड्यात भावजयीनं फोनचा स्पीकर लावला, आणि घरातली सगळी माणसं रडत रडत 'व्हय म्हाराजा' म्हणत राहिली. इतकं जीव तोडून मी जन्मात काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं, अंगणात फक्त भेटायला आलेल्यांच्या चपला दिसत होत्या.

परत आल्यावर मी गाऱ्हाणं बंद केलं. शाजीनं एकदा विचारलं, तेव्हा त्याला असा काही झापला की पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. भाऊ गेला त्या आठवड्यातल्या कामासाठी आणलेला नारळ गाडीच्या डॅशबोर्डावर शेंडी पुढे करून ठेवलेला होता. तो मी फोडला नाही आणि फेकलाही नाही. फेकायला हात होईना, एवढंच. तो तिथेच राहिला, हेल्मेट आणि पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आदल्या संध्याकाळी उत्तरेकडे वादळ झालं होतं. बातम्यांत टोर्नेडो म्हणाले. आमच्याकडे वावटळ म्हणतात, पण आमची वावटळ पाचोळा उडवते, फार तर एखादं वाळत घातलेलं लुगडं. हिनं समुद्रावरून येऊन अल रुवैसच्या धक्क्यावरच्या होड्या उलट्या केल्या, आणि तिच्या मागोमाग आलेल्या दुसरीनं शेतांच्या भागातले लाकडी खांब ओळीनं आडवे केले. सगळीकडे तारा जमिनीवर. मेसईदच्या वसाहतीतून आम्ही पहाटेच निघालो. समैस्मा मागे पडल्यावर रस्त्यात पत्रे दिसायला लागले, मग कुणाच्या तरी शेळ्यांचं अख्खं छप्पर, मग एक पाण्याची टाकी आडवी. इक्बाल 'या अल्ला, या अल्ला' म्हणत गाडी चालवत होता. मी म्हटलं, "अरे, अल्लाला बोलाव, पण पुढे बघ."

आमच्या वाट्याला एक छोटी लाइन आली. वाळूतून जाणारी, शेवटी एका शेतघरापाशी संपणारी. शेवटच्या खांबावर त्या घराचा ट्रान्सफॉर्मर शाबूत होता, पण त्याच्या अलीकडचा खांब मोडून पडलेला, आणि ट्रान्सफॉर्मरवरून निघालेल्या तारा तुटून, रस्ता ओलांडून वाळूत लोळत होत्या. सकाळी येताच मी सगळं रीतसर केलं. पाठीमागून वीज बंद केल्याचा परमिट हातात, कुलूप लावलेलं, लांब काठीवरचा टेस्टर तारेला लावून बघितला, वीज नाही. मुकी. वीज येते त्या बाजूनं अर्थिंग बांधलं, म्हणजे तार जमिनीला जोडून ठेवली. शेतघराच्या बाजूनंही बांधायला हवं होतं, पण एवढ्या पडझडीत अर्थिंगचे संच सगळ्यांना पुरले नव्हते, आमच्याकडे एकच होता. मी म्हटलं, त्या बाजूला काय आहे? एक घर. घरातून का वीज येते?

हे वाक्य मी म्हटलं. तीस वर्षं तारांत काढलेल्या माणसानं.

नवा खांब उभा करेपर्यंत दुपार झाली. नमाज आणि जेवण उरकायला आम्ही पाऊण तास मोठ्या रस्त्यावरच्या टपरीपाशी गेलो. तिथेच ऑफिसचा फोन आला. त्या शेतघरात एक म्हातारी बाई ऑक्सिजनच्या मशीनवर आहे, रात्रीपासून सिलिंडरवर काढतायत, शेवटचा सिलिंडर लावलाय, आणि कुठून दुसरा मिळत नाही, सगळे रस्ते बंद. लवकर करा. मी डबा तसाच बंद केला. "यल्ला, यल्ला," करून सगळ्यांना गाडीत कोंबलं. डोळ्यांपुढे आमच्या दवाखान्याचा व्हरांडा आला होता, खोटं कशाला बोलू. मनात एकच होतं, हिला जाऊ द्यायची नाही. देव करो न करो, मी करीन.

कामाचा एक नियम आहे आणि तो मीच सगळ्यांच्या डोक्यात हाणून हाणून भरलाय. तार सोडून दहा पावलं गेलात, चहा प्यायला गेलात, मुतायला गेलात, तरी परत आल्यावर पुन्हा टेस्ट करायची. सकाळची मेलेली तार दुपारी मेलेलीच असेल असं समजायचं नाही. ह्या एका चुकीसाठी मी एकाला कामावरून काढलेलंही आहे. आणि त्या दुपारी परत आल्यावर मी टेस्टरच्या पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीतून उतरता उतरता ओरडलो, "शाजी, तार उठाव! हाथ से उठाव, जल्दी!" शाजीनं कातडी हातमोजे चढवले. ते हातमोजे तारेनं हात कापू नये म्हणून असतात, विजेसाठी नसतात. तो तारेकडे निघाला. इक्बालनं मोठ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं होतं, माणसाला खांबावर नेणारा पाळणा उचलायला तयार. त्याची घरघर एवढी की ओरडल्याशिवाय शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "ओ फोरमन! गाव खंयचा?"

वळून बघतो तर एक म्हातारा. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, लुंगी खोचलेली, पायात रबरी बूट. त्याचा पिकअप रस्त्यावर तारा आडव्या असल्यामुळे आमच्या मागे अडकला होता आणि त्यातल्या माशांच्या पेट्यांतून बर्फाचं पाणी टपकत होतं. माझ्या शिव्या ऐकून त्यानं ओळखलं म्हणे. मी घाईत गावाचं नाव सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. हा कासमचाचा, राजापूर तालुक्यातला, आमच्या खाडीच्या पलीकडच्या काठचा! आमच्या धक्क्यावर उभं राहिलं की त्याच्या गावची मशीद दिसते. लहानपणी आम्ही पैज लावून जिथपर्यंत पोहत जायचो तो त्याच्या घरामागचा खडक. एरवी मी त्याला मिठीच मारली असती. त्या दिवशी म्हटलं, "चाचा, मागे व्हा, काम चाललंय, माणूस मरायला टेकलाय."

चाचा काही हलला नाही. त्याची नजर गाडीच्या काचेतून आतल्या नारळावर गेली होती. "गाऱ्हाणा झाला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, वेळ नाही. "मगे नारळ कित्याक ठेवलंस रे झिला? शोभेक?" मला संताप आला. ह्या वाळवंटात, हजारो मैलांवर, बरोब्बर ह्या वेळी, खाडीपलीकडचा एक मुसलमान म्हातारा येऊन मला गाऱ्हाण्याचा हिशेब विचारतो! मी काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं, पण तो आधीच बोलायला लागला होता. काल वावटळ आली तेव्हा तो अल रुवैसच्या धक्क्यावर होता. दोन होड्यांच्या मधे आडवा पडला आणि वाचला. शेजारची होडी उचलून पार रस्त्यावर नेऊन टाकली. "आमी वाचलंव, त्याचा तरी सांग देवाक. माका गाऱ्हाणा येणा नाय, माझो आजो तुमच्या जत्रेत उभो रवून व्हय म्हाराजा म्हणायचो तेवढाच ऐकलंय. तू तुझ्या देवाक सांग, मी माझ्या अल्लाक सांगतंय. दोन मिनटां लागतली."

त्याचे डोळे भरले होते. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी नाही म्हणायला माझ्यासारख्या दगडालाही जड गेलं. आणि खरं सांगायचं तर वाद घालण्यापेक्षा दोन मिनिटांत उरकून मोकळं व्हावं, असा विचार केला. भक्ती वगैरे काही नव्हती. मी शाजीला हाक मारली. तो तारेपासून हातभर अंतरावर उकिडवा बसला होता, माझ्या खुणेची वाट बघत, उचलायच्या बेतात. "आ जा इधर, पहले गाऱ्हाणा." शाजी माझ्याकडे बघतच राहिला. वर्षभरानंतर ऐकत होता तो हा शब्द. धावत आला.

मी नारळ हातात घेतला आणि सुरुवात करणार, तर चाचा पुन्हा मधे पडला. "आधी गाडी बंद कर रे. ह्या घरघरीत देवाक काय आयकाक येतला?"

इक्बालनं किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, आणि केवढी शांतता झाली म्हणून सांगू. वादळानंतरची ती वाळू, वारा पडलेला, पाखरूही नाही. मी आवाज काढला. वर्षभरानंतर स्वतःचाच तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां परमुलखात, वाळूत तुझ्यापुढे उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाचा, शाजी, सगळे.

"काल जी वावटळ इली, तिच्यातसून ह्या म्हाताऱ्याक वाचवलंस, तसो सगळ्यांचो सांभाळ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही लेकरां आता कामाक हात घालतत, त्यांका जशी इली तशी सुखरूप घराक..."

पुढचा शब्द तोंडातून बाहेर आला नाही. माझ्या कानाला काहीतरी लागलं. बारीक, एकसुरी, डास कानाजवळ फिरावा तसं. हुंऽऽ. मी वर बघितलं. आवाज शेवटच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून येत होता. वीज नसलेला ट्रान्सफॉर्मर हा लोखंडाचा डबा असतो, तो गुणगुणत नाही. गुणगुणतो तो जिवंत असतो. तीस वर्षं ऐकलेला आवाज आहे, त्यात माझी चूक होणार नाही.

"पीछे! सब पीछे! पैर जोड के!" मी बोंबललो. जमिनीवर जिवंत तार असली की मोठी ढांग टाकायची नसते, पाय जुळवून घसटत घसटत मागे सरकायचं असतं. आम्ही सगळे तसे मागे आलो. चाचाला मी हाताला धरून आणला. मग काठीवरचा टेस्टर काढला आणि दुरून तारेला लावला. लाल दिवा पेटला आणि टेस्टर किंचाळायला लागला. हातमोजे अजून शाजीच्या हातात होते. त्यानं ते काढून वाळूवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

मी तरातरा शेतघराकडे गेलो. वाटेत मनात ठरवलं होतं की जो कोणी असेल त्याच्या कानाखाली वाजवायची. घराच्या पार मागच्या बाजूला, उंच भिंतीआड, एक छोटा जनरेटर चालला होता, म्हणून रस्त्यावर त्याचा आवाज आला नव्हता. आम्ही जेवायला गेलो तेवढ्यात म्हातारीचा भाऊ तो कुठूनतरी घेऊन आला होता. आणि घरातल्या गड्यानं, बांगलादेशच्या मन्नान नावाच्या माणसानं, एका वायरीला दोन्ही टोकांना प्लग जोडून एक टोक जनरेटरला आणि दुसरं घराच्या भिंतीतल्या प्लगात खोचलं होतं, म्हणजे सगळ्या घराला वीज मिळेल. मेन स्विच पाडायचा असतो हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? घरातली वीज मीटरमधून उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली, तिथून हजारो व्होल्ट होऊन तारेत उतरली, आणि तार पडली होती शाजीच्या पायाशी. घरातून का वीज येते, म्हणालो होतो ना मी? अशी येते.

मी आत शिरलो. म्हातारी पलंगावर होती, नाकात नळी, मशीन फुसफुस करत चाललेलं. मन्नान खाली बसून तिचे पाय दाबत होता. मला बघून त्यानं तोंडावर बोट ठेवलं, आत्ताच डोळा लागलाय म्हणून. माझा उगारलेला हात कुठच्या कुठे गेला. मी त्याला हळूच बाहेर बोलावलं, मेन स्विच पाडून दाखवला, मशीनची वायर सरळ जनरेटरला जोडून दिली. म्हातारीचा श्वास एका मिनिटापुरताही अडला नाही. काय होणार होतं ते मन्नानला समजलं तेव्हा तो रडायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "रोना नहीं. गलती तेरी छोटी, मेरी बडी." हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं शाजीनं ऐकलं असतं तर त्याला पटलं नसतं.

मग काम रीतीनं केलं. टेस्टर लावला, मुकी. इक्बालला पाठवून दुसऱ्या टोळीचा अर्थिंगचा संच आणवला, त्यात तास मोडला तर मोडू दिला. दोन्ही बाजूंनी बांधल्यावर शाजीनं तार उचलली. चाचा तोवर गेलेला नव्हता. रस्ता मोकळा झाल्यावरही पिकअपला टेकून उभा होता, माशांवरचा बर्फ पाणी पाणी होत होता तरी. ऊन उतरायला लागलं तेव्हा वीज आली. शेतघराच्या फाटकावरचा दिवा लागला आणि मन्नान आतून हात हलवत बाहेर आला.

मी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. नारळ पुढे ठेवला. इक्बालनं न सांगता गाडी बंद केली. दुपारी जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच मी धरलं. पण आता 'पोचव' म्हणून मागायचं काही उरलं नव्हतं. "...जशी इली तशी सुखरूप ठेवलंस म्हाराजा!" एवढंच म्हणालो. 'व्हय म्हाराजा' शाजी एकटाच ओरडला, इतक्या मोठ्यानं की शेतघरातून माणसं बाहेर आली.

नारळ फोडताना मला वाटत होतं, वर्षभराचा आहे, आत कुजका निघणार. दगडावर आपटला. पाणी नव्हतं. आत खोबऱ्याचा पांढराशुभ्र गोटा सुटलेला, खुळखुळा. चाचानं तुकडा तोंडात टाकला. मी म्हटलं, "चाचा, तुमी नसतंव तर आज माझो माणूस गेलो असतो." तो चावता चावता म्हणाला, "मी कित्याक? माझे मासे कुसत होते, वाटेत तार पडली म्हणान थांबलंय. तार कोणी पाडली ता इचार." आणि हसला. मी चमत्कार झाला असं म्हणत नाही. चाचा जे म्हणाला तेवढंच सांगतो.

भावाच्या वेळी का ऐकलं नाहीस, हे मी देवाला अजूनही विचारतो. त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि मिळालं असं खोटं लिहिणार नाही. पण वर्षभर मी म्हणत होतो की तो ऐकत नाही, आणि इंजिन मात्र माझंच चालू होतं. हिला मी वाचवीन, देव करो न करो, म्हणून मी धावलो होतो, आणि माझ्याच हातून शाजी जाणार होता. काम माझं आहे, ते मी जीव लावून करीन, नियमानं करीन. त्यापलीकडचं माझ्या हातात नाही हे मी आता मानलंय, आणि मानल्यापासून छाती हलकी झालीय.

त्या संध्याकाळी मी घरी भावजयीला फोन केला. वर्षभर आम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतो. तिला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भावोजी, तेवा फोनवरचो तुमचो आवाज आत त्यांका आयकाक इलो होतो. त्यांनी ओठ हलयले, व्हय म्हाराजा म्हणाक. मी तुमका सांगूक नाय, तुमी देवाचा नावच काढूक देय नाय होतास."

आता डॅशबोर्डावर नवा नारळ आहे. तो आठवडाभरापेक्षा जास्त टिकत नाही. गाऱ्हाण्याच्या आधी इक्बाल गाडी बंद करतो.